अर्जात ‘ट्रेलर’ लिहू नका : लेकीला सायकलमागे बसवून इंदूरमध्ये शांत रस्ता शोधताना

ट्रेलर, म्हणजे सायकलमागे जोडायची लहान मुलांची दोनचाकी गाडी, घरी आला तेव्हा लेक दीड वर्षाची होती. पुण्याच्या मावसबहिणीचा मुलगा त्यात मावेनासा झाला, म्हणून तिनं तो आमच्याकडे पाठवून दिला. मागच्या चाकाच्या नटाखाली डाव्या बाजूला त्याची कडी बसवली, लेकीला पट्ट्यांनी नीट बांधलं आणि लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. इथवर सगळं एका संध्याकाळीत झालं. गाड्या नसलेला रस्ता मिळायला मात्र पुढचे तीन महिने गेले, आणि त्यातला निम्मा वेळ एका कागदापायी.

एबी रोड आणि रिंग रोड तर पहिल्या दिवशीच बाद केले. ट्रेलरमधलं मूल बसतं ते थेट गाड्यांच्या सायलेन्सरच्या उंचीला. सासूबाईंनी ते बघताक्षणी ओळखलं. “अगं, सगळा धूर तिच्या तोंडावर जाईल,” म्हणाल्या. सुपर कॉरिडॉर रुंद आहे म्हणून तिकडेही जाऊन पाहिलं, पण सकाळी रस्ता मोकळा असला की गाड्या तितक्याच वेगानं जातात. मी अर्ध्या तासात परत फिरले.

खरं शांत आवार घराजवळच होतं. त्याचं नाव घेत नाही. मोठी संस्था आहे, चारी बाजूंनी भिंत, आत जुन्या झाडांखालचा गुळगुळीत डांबरी रस्ता, आणि सकाळी साडेपाच ते साडेसात बाहेरच्या लोकांना पास काढून फिरायला परवानगी. पायी चालणाऱ्यांचा पास वेगळा, दुचाकीचा वेगळा, चारचाकीचा वेगळा. सायकलवाल्यांना दुचाकीचा पास मिळतो. मी सायकल आणि मागे ट्रेलर घेऊन फाटकावर गेले, तर रखवालदार चाकं मोजायला लागला. “मैडम, ये टू-व्हीलर है कि फोर-व्हीलर?” माझ्या सायकलची दोन, ट्रेलरची दोन. तो उद्धट नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. म्हणाला, ऑफिसमध्ये विचारा.

ऑफिसमध्ये छापील अर्ज मिळाला. वाहनाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, आरसीची प्रत. मी प्रकारात ‘सायकल व ट्रेलर’ लिहिलं आणि नोंदणीच्या रकान्यात रेघ मारली. आठवड्यानं अर्ज परत आला: ट्रेलरचा नोंदणी क्रमांक नाही. मी ट्रेलरचा फोटो जोडला, त्यात लेक बसलेली, झेंडा लावलेला. पुन्हा आठवडा गेला. या वेळी शेरा होता, ‘अवजड वाहनास प्रवेश नाही.’ ज्या बाईंनी तो लिहिला त्यांनी फोटो उघडूनही पाहिला नव्हता. माझ्या अडीच फुटी गाडीला अवजड वाहन म्हटलेलं वाचून मी ऑफिसातल्या बाकावर अक्षरशः रडकुंडीला आले. रोज सकाळी भिंतीच्या या बाजूला ट्रक, त्या बाजूला रिकामा रस्ता, आणि मध्ये एक शब्द.

रात्री मोटार वाहन कायदा, १९८८ काढून बसले. त्यातल्या कलम २ मध्ये व्याख्या आहेत. ट्रेलर म्हणजे मोटार वाहनानं ओढायचं वाहन, असं उपकलम ४६ सांगतं. पायानं चालवायची सायकल मोटार वाहनच नाही, तेव्हा तिच्यामागच्या गाडीला नोंदणी कुठून येणार? ते पान छापून घेतलं, त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि नवा अर्ज लिहिला. त्यात ट्रेलर हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. ‘सायकलला जोडलेली बाळगाडी’ असं लिहिलं. खिडकीवरच्या काकांनी वाचलं, मान वर करून विचारलं, “बच्चा बैठता है इसमें?” आणि सही केली. कायद्याचं पान त्यांनी पाहिलंही नाही. मला आनंद झाला आणि तितकाच संतापही आला, कारण तीन आठवडे मी त्याच खिडकीत उभी होते.

त्याच आनंदात दुसऱ्या दिवशी गेले, तर छोट्या दारात मोटारसायकली अडवायला रोवलेले पाइप. ट्रेलर ८० सेंटिमीटर रुंद, पाइपांमधली जागा त्याहून कमी. मोठं फाटक उघडून घ्यावं लागलं. तेव्हापासून जुन्या पडद्याची दांडी बरोबर ८० सेंटिमीटर कापून सायकलला बांधलेली असते. नवा रस्ता शोधताना आधी एकटी जाते, प्रत्येक दारात, खांबांच्या मध्ये दांडी आडवी धरते. मूल बरोबर असताना मागे वळणं फार कठीण, ट्रेलरसह सायकल उलटी ढकलली की आडवी होते.

आवार बंद असतं त्या दिवसांसाठी दुसरी सोय बिचोलीकडे सापडली. प्लॉट पडलेत, सिमेंटचे रस्ते झालेत, घरं अजून नाहीत, अशा कॉलन्या नकाशाच्या उपग्रह चित्रात लगेच दिसतात: रस्त्यांची चौकट आणि मध्ये नुसती माती. तिथे कुत्री मात्र असतात. ती मागे लागली तर वेग वाढवू नका, उतरून उभं राहा. आणि पावसाळ्यात सिमेंट सोडून एक फूटही खाली उतरू नका. आपली माळव्याची काळी माती चाक आणि चौकटीच्या मध्ये अशी भरते की चाक फिरतच नाही. मी काडीनं उकरत बसले होते आणि लेक आत भिजत होती.

रविवारी पावणेसहाला रेसिडेन्सी भागही छान असतो. रात्री झाडून झालेलं असतं, धूळ कमी, काचा नाहीत. सात वाजले की परत.

हे आधी सांगायला हवं होतं: गतिरोधकावर तिरकं जाऊ नका, एक चाक उचललं जातं. वळताना ट्रेलर आतून कापतो, म्हणून वळण मोठं घ्या. कडीबरोबर येणारा सुरक्षेचा पट्टा सायकलच्या चौकटीला गुंडाळायचाच, कडी निसटली तर तोच धरतो. सायकलचा मागचा लाल दिवा ट्रेलरमुळे झाकला जातो, तेव्हा दुसरा दिवा ट्रेलरला लावा. ट्रेलरच्या तोंडावरची जाळी कायम खाली ओढलेली ठेवा.

पास सहा महिन्यांचा आहे, मार्चमध्ये संपेल. मंजूर झालेल्या अर्जाच्या तीन प्रती काढून ट्रेलरच्या मागच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये ठेवल्या आहेत, लेकीच्या पाण्याच्या बाटलीशेजारी.