शिष्योपनयन झालं आज

१२ डिसेंबर, रात्री साडेदहा, हॉस्टेल

हाताला अजून तुपाचा वास येतोय. दोनदा साबण लावून धुतला तरी जात नाहीये, आणि खरं सांगायचं तर जाऊच नये असं वाटतंय.

आज आमच्या बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या डिग्रीच्या, नवीन बॅचचं शिष्योपनयन झालं. सीनियर्स फ्रेशर्स पार्टी देतात ती नंतर, ती वेगळी. आज होमासमोर बसवून गुरूंनी शिष्याला पदरात घ्यायचं. ग्रुपवर मेसेज होता की पांढरा ड्रेस, वर अ‍ॅप्रन, आणि नखं कापून या. मला वाटलं हे शाळेसारखं काय, पण मॅडम म्हणाल्या की नखं-केस कापलेले आणि अंग स्वच्छ असलेला शिष्य हवा हे सुश्रुत संहितेतच आहे, आयुर्वेदाच्या त्या जुन्या ग्रंथात, सूत्रस्थान नावाच्या भागाच्या दुसऱ्या अध्यायात.

पप्पा पहिल्या एसटीने आले. बागेत डिपिंग चालू आहे, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं काम, द्राक्षवाल्यांना या दिवसात घर सोडणं किती अवघड असतं ते मला माहितीये, तरी आले. नाशिकचं म्हसरूळ आल्यावर एसटीतूनच फोन केला, "तुझं विद्यापीठ दिसलं बघ." आरोग्य विज्ञान विद्यापीठ. रिपीट करूनही एमबीबीएस मिळालं नाही म्हणून नातेवाईकांनी जे काही ऐकवलं ते पप्पांच्या मनात अजून आहे, म्हणून ते सारखं सांगतात की एमबीबीएसवाल्यांचं आणि तुझं विद्यापीठ एकच, १९९८ पासूनचं. मला आधी याने बरं वाटायचं. आजपासून त्याची गरज वाटणार नाही बहुतेक.

हॉलमध्ये आयुर्वेदाचा देव धन्वंतरी, त्याची मूर्ती होती, एका हातात अमृतकलश आणि एका हातात चक्क जळू. पुढे सारवलेली चौकोनी जागा, दर्भ, आणि दही-मध-तुपात बुडवलेल्या समिधा. संहितेत खैर, पळस, देवदार, बेल अशी नावं आहेत. माझ्या हातात जी आली ती पळसाची, बोटभर जाड, साल थोडी सुटलेली, तूप पार मनगटापर्यंत ओघळत होतं. पप्पा मागच्या रांगेतून बघत होते, नंतर म्हणाले हा तर आपल्या बांधावरचा पळस. धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले होते त्यामुळे कोण रडतंय ते कळत नव्हतं, मी रडत होते.

मग अग्नीला तीन प्रदक्षिणा आणि शपथ. ही चरक संहितेतली, आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथातली, विमानस्थान नावाचा भाग, आठवा अध्याय. सर एकेक वाक्य संस्कृतात म्हणायचे, मग मराठीत, आम्ही मागून. कितीही ज्ञान असलं तरी त्याची बढाई मारायची नाही. रुग्णाच्या घरात गेल्यावर मन, वाणी, डोळे रुग्णाच्या हिताशिवाय कुठेच जाता कामा नयेत. आणि रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही. इथे माझा आवाजच निघेना. आत्याच्या आजाराची गोष्ट एका दवाखान्यातूनच गावात पसरली होती, मी तेव्हा आठवीत होते, कितीतरी महिने ती पाण्यालाही बाहेर पडायची नाही. इतक्या जुन्या ग्रंथात हे लिहून ठेवलंय आणि तरी त्या दवाखान्यात कोणाला ते पाळावंसं वाटलं नाही.

मला वाटलं आता संपलं. तर सर उभे राहिले, अग्नीकडे तोंड केलं आणि स्वतः शपथ घेतली. हीपण सुश्रुतातलीच. तू नीट वागत असताना मीच जर तुझ्याकडे दुजाभावाने पाहिलं, तर पाप मला लागो आणि माझी विद्या निष्फळ होवो. हॉलमध्ये एकदम शांतता, नुसता समिधांचा तडतड आवाज. आजपर्यंत मी ज्यांच्याकडे शिकले त्यातल्या कोणीच मला असं काही कबूल केलेलं नाही, क्लासमध्ये तर पुढच्या दोन बाकांनाच शिकवायचे, बाकीचे आम्ही फी भरायला.

दुपारी लायब्ररीत सुश्रुतातला तोच दुसरा अध्याय मराठीतून वाचला. त्यात असंही आहे की उपनयन तीन वर्णांचं करावं, आणि शूद्र कुलवान गुणी असला तरी त्याला मंत्र न देता, उपनयन न करता शिकवावं असं काही जण म्हणतात. मुलींचा तर उल्लेखच नाही. वाचून घशात काहीतरी अडकलं. सकाळी मी तिथे पहिल्या रांगेत होते, आमच्या बॅचला मुलीच जास्त आहेत, मंत्र सगळ्यांनी म्हटला. पुस्तकातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कोणीतरी ठरवलं, त्यासाठी कोणीतरी भांडलं म्हणून मी तिथे बसले. संध्याकाळी पप्पांसोबत काळाराम मंदिरात गेले तेव्हा हेच डोक्यात होतं. २ मार्च १९३० ला याच दारात बाबासाहेबांनी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला, आणि तो पुढे चालवणारे दादासाहेब गायकवाड आमच्याच दिंडोरी तालुक्यातले, आंबे गावचे. पप्पांना मी अध्यायातलं सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, सरांची शपथ परत एकदा सांग. दिंडोरी नाक्यावर एसटी येईपर्यंत मी ती तीनदा सांगितली.

आत्ता घरून फोन आला होता. आई बोलली, मग आत्याने फोन घेतला. पप्पांनी तिला काय सांगितलं माहिती नाही. तिने एवढंच विचारलं, "घरातलं बाहेर बोलायचं नाही, हे तुम्हाला खरंच म्हणायला लावलं का गं?"

म्हटलं, हो आत्या. सगळ्यांना. अग्नीसमोर.