मॉर्फिनच्या चिठ्ठीचे नऊ दिवस

बाबांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हाच चौथी स्टेज होती. केमोच्या तारखा, योजनेचे कागद वगैरे बिनबोभाट पार पडलं. घोडं अडलं ते गोळ्यांपाशी.

डॉक्टरांनी तीव्र वेदनेवरची 10 मिलिग्रॅमची मॉर्फिन लिहून दिली. सात मेडिकल पालथी घातली, सगळीकडे एकच उत्तर: "आम्ही ठेवत नाही." एकाने चिठ्ठीपेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त निरखून पाहिलं. मॉर्फिन अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्यात येतं; नोंदींची कटकट नको म्हणून दुकानदार हात लावत नाहीत. 2014च्या दुरुस्तीपासून रुग्णालयाला मात्र चार-चार परवाने लागत नाहीत, औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. तेव्हा दुकानं हिंडू नका, मान्यता असलेलं रुग्णालय शोधा. गोळ्या सहसा तिथल्या पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, ओपीडीतून मिळतात.

त्या ओपीडीसाठी चिठ्ठी मागितली, तर ऐकायला मिळालं, "अजून ती वेळ आलेली नाही." नऊ दिवस यातच गेले. वेळ कसली? दुखणं सुरू झालं तीच वेळ! फुप्फुसाचा कॅन्सर अंगात पसरलेल्या 151 रुग्णांवरचा एक अमेरिकन अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह उपचार जोडलेल्या गटाचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) 11.6 महिने निघालं, दुसऱ्या गटाचं 8.9. केमो दोन्हीकडे चालूच होती. चिठ्ठी पहिल्या केमोलाच मागा, आणि "केमो बंद करायची नाहीये" हे आपणहून सांगा. निम्मा विरोध तिथेच मावळतो.

साधी (हळूहळू विरघळणारी नव्हे) गोळी साधारण चार तास पुरते, म्हणून घड्याळ लावून द्यायची. कळ यायची वाट पाहायची नाही. मध्येच दुखलं तर जादा डोस किती, हे केसपेपरवर लिहून घ्या. झोपताना दुप्पट देऊन रात्रीची गोळी वाचवतात, पण तेही लिहून दिलं असेल तरच. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू हवं. लघवी कमी झाली, हातपाय झटकायला लागले, माणूस हाकेला ओ देईना, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना गाठा. किडनी थकली की औषध अंगात साठतं.

हो, आणि रिकाम्या स्ट्रिपा फेकू नका. आमच्याकडे पुढच्या गोळ्या देताना त्या मोजून घेतल्या.