शेठनी कमी करून घेतलेला हप्ता

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले होते. धोक्याची पातळी ४५. पाणी उतरलं आणि आम्हा विमा सर्व्हेअरांना श्वास घ्यायला फुरसत मिळेना.

हरभट रोडवरच्या एका कापड दुकानात शिरलो तेव्हा गडी साड्यांचे चिखलानं जड झालेले गठ्ठे फावड्यानं बाहेर ओढत होते. भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर. फोटो काढले, स्टॉक रजिस्टर मागितलं, मग पॉलिसी.

"कागद चोख आहेत साहेब. उलट गेल्या वर्षी हप्ता कमी करून घेतला," शेठ म्हणाले.

पॉलिसी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी ठणठणीत होती. दुसऱ्या पानावर बारीक ओळ: एसटीएफआय वगळले. म्हणजे वादळ, पूर, पाणी शिरणं, सगळं बाहेर. फायर पॉलिसीत हे वगळायची मुभा असायची, त्यापोटी हप्त्यात सूटही मिळायची. नदीपासून हाकेच्या अंतरावर दुकान, आणि विम्यातून पूरच काढलेला!

"एजंट म्हणाला, २००५ सारखं पाणी परत कुठलं येतंय?"

त्यावर मी काय बोलणार? शेठनी कपाटातून घराची पॉलिसी काढली. "ही तरी बघा."

विश्रामबागेतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. विम्याची रक्कम खरेदीखतात होती तीच, म्हणजे जागेची किंमतही त्यात आली. विमा जागेचा नसतो, बांधकामाचा असतो. चटई क्षेत्राला आजच्या बांधकाम दरानं गुणायचं, झालं. तेवढं केलं असतं तर तिथला हप्ता चांगलाच उतरला असता. (२०२१ पासून भारत गृह रक्षा पॉलिसीत रक्कम याच हिशोबानं ठरते, आणि ती एकदम १० वर्षांपर्यंतही घेता येते.) जिथं कापायचं तिथं हात लावला नाही, आणि नको तिथं कात्री चालवली.

शेजाऱ्यानं वेगळी शक्कल लढवलेली. पूर ठेवला, पण ४० लाखांचा माल २० लाखांचा दाखवला. विमा निम्म्याच मालाचा, म्हणून नुकसान १० लाखांचं झालं तरी भरपाईचा हिशोबही निम्म्याचाच, ५ लाखांचा होतो. त्यालाही हे तेव्हाच कळलं.

सर्व्हेअरनं पॉलिसी विकायची नसते, पण सांगायला काय जातं? शेठना म्हटलं, हप्ता कमी करायचाय ना, मग लहानसहान नुकसान स्वतः सोसायची तयारी दाखवा, स्वेच्छा कपात वाढवून घ्या. भारी माल वरच्या मजल्यावर ठेवा आणि ते कंपनीला फोटोसकट कळवा. सूट मागायला तोंड राहतं. पूर मात्र काढू नका.

शेठनी सगळं बिलबुकाच्या मागं लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि ह्या वेळचं?"

नुकसान मी रुपयान् रुपया मोजलं होतं. अहवालात देय रकमेपुढं शून्य लिहावं लागलं.