शेळी बांधायची शर्यत आणि कॉलेज अल्जेब्रा

दिवाळीच्या फोनवर मावशीनं विचारलं, "काय गं, आता कुठं शिकवतेस तू?" मी म्हटलं, ज्युनियर कॉलेजात. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "अगं, म्हणजे अकरावी-बारावीला? त्यासाठी एवढं अमेरिकेला जायचं होय? सांगलीत काय कॉलेजं कमी आहेत?"

मावशीचं चुकलं नाही. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावीच. इथं ती बारावीनंतरची दोन वर्षं. ती कमी फीमध्ये इथं काढायची आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज इलिनॉयमधल्या जॉलिएट गावात १९०१ साली निघालं. आता पाट्यांवर 'कम्युनिटी कॉलेज' असं लिहितात, पण मैदानावर सगळे अजून एकच शब्द वापरतात, 'ज्युको'.

मी ज्या ज्युकोत गणित शिकवते ते कॅन्सस राज्याच्या पश्चिमेला आहे. जमीन पोळपाटासारखी सपाट. दहा मैलांवरून गावाची धान्याची उंच कोठारं दिसतात. वारा दक्षिणेकडून आला की हजारो गुरांच्या गोठ्यांचा वास थेट वर्गात येतो आणि गावातले लोक त्याला 'पैशाचा वास' म्हणतात. कॉलेज म्हणाल तर चार-पाच इमारती, दोन वसतिगृहं, एक व्यायामशाळा आणि घोड्यांचा तबेला. हो, तबेला. त्याकडे येतेच.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पुढच्या दोन रांगा भरलेल्या आणि मागच्या रिकाम्या. आयुष्यात असा वर्ग पाहिला नव्हता. मला वाटलं, काय गणिताची गोडी! आठवड्याभरानं कळलं की तो कोचचा हुकूम होता. खेळाडूनं पहिल्या दोन रांगांत बसायचं, टोपी काढायची, कानातले इयरफोन काढायचे. अधूनमधून एक सहायक कोच दाराच्या काचेतून डोकावून मुंडकी मोजून जातो. दर काही आठवड्यांनी माझ्याकडे कागद येतो, कोण नापास होतंय, कोण दांड्या मारतंय. कारण नियम साधा आहे. सत्रात किमान १२ क्रेडिटचे, म्हणजे आठवड्याला साधारण १२ तासांचे, विषय घेतले नाहीत तर खेळता येत नाही. पहिल्या वर्षाअखेर २४ क्रेडिट आणि ४ पैकी सरासरी २ गुण नसतील तर दुसऱ्या वर्षी बाकावर बसायचं. त्यामुळे सहा फूट आठ इंचांचा मुलगा वर्गमूळ समजून घ्यायला माझ्या टेबलापाशी ओणवा होतो, तेव्हा मला बीजगणिताच्या सौंदर्याबद्दल काही गैरसमज राहिलेले नाहीत.

आमच्या वेळी उलटं होतं. माझा मामा तालमीतला. मी शाळेत खो-खो बरा खेळायचे. अकरावीला प्रवेश घेतला त्या दिवशी आईनं बूट माळ्यावर टाकले. खेळाचा उपयोग उरला तो क्रीडागुणांपुरता, आणि तेही ज्यांना मिळाले त्यांना. इथं मुलगा खेळासाठी कॉलेजात येतो आणि खेळायला मिळावं म्हणून अल्जेब्रा करतो. कोणतं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण इथल्या मुलांना सकाळी सहाला धावताना बघते तेव्हा माळ्यावरचे बूट आठवतात एवढं खरं.

या सगळ्याचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचा जन्म एका नकारातून झाला. कॅलिफोर्नियातल्या काही ज्युनियर कॉलेजांच्या अ‍ॅथलेटिक्स कोचनी विद्यापीठांच्या संघटनेला विचारलं होतं, आमच्या पोरांना तुमच्या राष्ट्रीय स्पर्धेत धावू द्या. त्यांनी नाही म्हटलं. मग १९३८ च्या मे महिन्यात फ्रेस्नोमध्ये १३ कॉलेजांनी स्वतःचीच संघटना काढली. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पुढे १९४७ साली फोडणारा जॅकी रॉबिन्सन त्याच काळात पॅसाडेनाच्या ज्युनियर कॉलेजात लांब उडी मारत होता. बास्केटबॉलवाला जिमी बटलरही टेक्सासमधल्या टायलर ज्युनियर कॉलेजातूनच वर गेला. आमच्या पोरांना ही नावं पाठ असतात. पायथागोरस नसतो.

शिष्यवृत्तीचे तीन थर आहेत. वरच्या थरातली कॉलेजं फी, पुस्तकं, राहणं, जेवण सगळं देऊ शकतात. मधल्या थरात फी आणि पुस्तकांपर्यंत. खालच्या थरात खेळासाठी दमडी नाही. आम्ही वरच्या थरात, म्हणून आमच्या वसतिगृहात जॉर्जिया, फ्लोरिडाची पोरं आहेत, ब्राझील आणि सर्बियाच्या व्हॉलीबॉलवाल्या मुली आहेत, केनियाचे धावपटू आहेत. साध्या विद्यार्थ्याला वसतिगृहात शोधावं लागतं. जवळपासची शेतकऱ्यांची मुलं शुक्रवारी दुपारी पिकअप ट्रक काढून घरी पळतात, कपडे धुवायला आणि आईच्या हातचं खायला. उरतात ती लांबची. शनिवारी संध्याकाळी गावात करायचं काय? वॉलमार्टला जायचं. काही घ्यायचं नसतं. नुसतं फिरायचं, खुर्च्या विभागात खुर्च्यांवर बसून बघायचं, परत यायचं. मुलांच्या निम्म्या प्रेमकथा वॉलमार्टच्या रांगेत सुरू होतात आणि सोमवारी नाश्त्यापर्यंत संपूर्ण कॉलेजला माहीत असतात. अशा बाबतीत कॅन्सस आणि सांगली यांत तसूभर फरक नाही.

कॅफेटेरियात टेबलं संघांनुसार वाटलेली. कुणी वाटली नाहीत, तरी वाटलेली. बेसबॉलवाले खिडकीशी, कुस्तीवाले भिंतीशी, रोडिओवाले (घोड्यांचे आणि गुरांचे खेळ खेळणारे) टोप्या घालून दाराजवळ. केनियाचे धावपटू सगळ्यांच्या आधी जेवून जातात. एकोणीस वर्षांचा मुलगा इथं घरातला कर्ता असतो, कारण त्याहून मोठं कुणी नाहीच. तिसरं-चौथं वर्ष ही भानगडच नाही. माणूस जरा रुळला की निघायची वेळ येते.

आणि सगळे निघण्यासाठीच आलेले असतात. बास्केटबॉलच्या दोन गार्डना, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूंना, मी ओळखते. एकाच खोलीत राहतात, एकाच जागेसाठी खेळतात, एकमेकांची टूथपेस्ट वापरतात. दोघंही एका फोनची वाट बघत असतात, कुठल्यातरी विद्यापीठाच्या कोचच्या. एकाला फोन आला. लॉबीत टेबल मांडलं, केक आणला, नव्या विद्यापीठाची टोपी घालून त्यानं सही केली. दुसऱ्यानं फोटो काढले. चांगले काढले. दुसऱ्या दिवशी तो माझ्या वर्गाला आला नाही, आणि मी त्या कागदावर त्याची गैरहजेरी लिहिली नाही.

आता तबेला. इथल्या ज्युकोत रोडिओचा संघ असतो आणि मुलं स्वतःचा घोडा घेऊन कॉलेजात येतात. घोड्याला फी नाही, चाऱ्याचं बघावं लागतं. मुलींचा एक प्रकार आहे, शेळी बांधण्याचा. मैदानाच्या टोकाला खुंटीला शेळी. मुलगी भरधाव घोडा सोडते, पळत्या घोड्यावरून उडी टाकते, शेळी आडवी करते, तिच्या तीन पायांना दोरी गुंडाळते आणि हात वर करते. गाठ पुढचे सहा सेकंद टिकली पाहिजे. चांगल्या मुली हे सगळं सात-आठ सेकंदांत उरकतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारच्या आजोबांना म्हटलं, आमच्याकडे बैलगाड्यांची शर्यत असते. त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "बैल किती वेगानं पळतो?" पुढचा अर्धा तास आम्ही शेळ्यांकडे पाहिलंच नाही.

पण मला सगळ्यांत आवडतो तो जनावरं पारखणाऱ्यांचा संघ. हासुद्धा संघच. कोच, बस, जर्सीऐवजी कोट, आणि याही मुलांना शिष्यवृत्ती. चार जनावरांचा एक 'वर्ग' समोर उभा करतात, चार गाई म्हणा, मेंढ्या म्हणा, डुकरं म्हणा. मुलानं त्यांचा क्रम लावायचा. मग परीक्षकासमोर ताठ उभं राहून, हातात कागद न घेता, दोन मिनिटांत कारणं सांगायची. हा पहिला का, तो दुसरा का, चौथ्यात चांगलं काय होतं आणि तरी तो चौथा का. ५० पैकी गुण. स्पर्धा जवळ आली की ही मुलं कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्यानं बोलत उभी असतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणाला तरी बोलवावं. आमच्याकडच्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणाऱ्या दलालाला ही मुलं दाखवायला हवीत. त्याला कारणं ठाऊक असतात, पण तो मेला तरी सांगत नाही.

मला स्वतःला या कारभारात ओढलं ते बास्केटबॉलनं. "तुम्ही गणिताच्या, तुम्ही घड्याळ सांभाळा," एवढ्या तर्कावर मला ३० सेकंदांच्या घड्याळापाशी बसवलं. तेवढ्या वेळात बास्केटकडे चेंडू टाकला नाही तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. चेंडू रिंगला लागला की बटण दाबून घड्याळ परत लावायचं. पहिल्याच सामन्यात मी खेळ बघण्यात एवढी रंगले की बटण राहिलं. भोंगा वाजला, पंचानं माझ्याकडे पाहिलं, मग अख्ख्या व्यायामशाळेनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पेट्रोलपंपावरच्या माणसानं विचारलं, "घड्याळ बरं आहे ना?" गाव लहान आहे.

पण तेच गाव थंडीत, वादळात, घरून उशी आणून बाकांवर बसतं. मार्चमध्ये अनेकजण हचिन्सनला जातात. ज्युनियर कॉलेजांच्या मुलांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९४९ पासून तिथं भरते. आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असतो, तेव्हा प्रत्येक खेळाडू आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातो. गेल्या वर्षी सेनेगलच्या मुलाबरोबर चालायला कुणी नव्हतं. कॅफेटेरियात वाढणाऱ्या काकू चालल्या. त्यांनी केसांवरची जाळी काढायची राहिली होती, आणि तीच जाळी फोटोत आली आहे.

कुस्तीवाल्यांशी माझं जुळतं ते मामामुळे. इथं दहा वजनगट आहेत, १२५ पौंडांपासून २८५ पर्यंत. मामाच्या तालमीत पहिलवानाला खुराक घालायचे, दूध, बदाम, तूप. इथं पहिलवान उपाशी. वजन करायच्या आदल्या दिवशी मुलं बर्फ चघळतात, दोन-दोन स्वेटर घालून सायकल मारतात. १४१ पौंडांच्या गटातला आयोवाचा एक पोरगा माझ्या तासाला येतो आणि त्या दिवशी त्याला फळ्यावरचं काही दिसत नाही, फक्त माझ्या डब्याची पिशवी दिसते. म्हणून हंगाम सुरू झाला की मी शेंगदाण्याचे लाडू करून ठेवते, वजन झाल्यावर खायला. (शेंगदाणे म्हटलं की आधी विचारायचं, कुणाला अ‍ॅलर्जी आहे का. इथं हा प्रश्न जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखा आहे.)

गेल्या गुरुवारी ऑफिसच्या टेबलावर चार लाडू काढून ठेवले होते. अल्जेब्राच्या शंका घेऊन दोघं आले. एक तो कुस्तीवाला, दुसरा जनावरं पारखणारा. मी कॉफी घेऊन परत आले तर पारखणारा टेबलासमोर ताठ उभा, हात मागे बांधलेले.

"मिस, मी हा वर्ग ३-१-४-२ असा लावला," तो म्हणाला. "तीन नंबर पहिला, कारण तो भरीव आहे, गोलाई सलग आहे आणि बुडाशी रुंद टेकतो. एक नंबरचा रंग अधिक चांगला हे मी मान्य करतो, पण तो तीनइतका वजनदार नाही. चार नंबरला तूप सुटलंय, पण बांधा ढिला. आणि दोन नंबर मी शेवटी ठेवला, कारण त्याची उजवी बाजू कुणीतरी खाल्लेली आहे."

कुस्तीवाला खिडकीबाहेर बघत होता. त्याचं वजन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.