कॅन्सर नाही, तर कॅन्सरचे औषध कशाला?

हा प्रश्न मला सासरी, माहेरी, शाळेच्या शिक्षकखोलीत आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारला गेला. विचारणाऱ्यांची चूक नाही. मला रिटुक्सिमॅब हे औषध दिले गेले ते डे-केअर कक्षात, जिथे माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर केमोथेरपी घेणारी माणसे होती. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

माझ्या आजाराचे नाव इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, डॉक्टरांच्या तोंडी आयटीपी. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणारे कण, असतात. पायांवर लाल ठिपके उमटले आणि हिरड्यांतले रक्त थांबेना, तेव्हा माझ्या ९ हजार निघाल्या. घरच्यांना डेंग्यू वाटला आणि पपईच्या पानांचा रस सुरू झाला (तो किती कडू असतो, हे प्यायल्याशिवाय कळत नाही). प्रत्यक्षात माझ्या शरीरात प्लेटलेट तयार होत होत्या, पण माझ्याच अँटिबॉडी (एरवी जंतूंना चिकटणारी शरीराची संरक्षक प्रथिने) त्यांना चिकटत होत्या आणि अशा खूण झालेल्या प्लेटलेट प्लीहेत, म्हणजे पोटातल्या रक्त गाळणाऱ्या अवयवात, गिळल्या जात होत्या. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटचीही तीच गत होते, म्हणून गंभीर रक्तस्राव नसेल तर त्या सहसा चढवत नाहीत.

दोष रुग्णाच्या रक्तातच असतो, हे दाखवण्यासाठी अमेरिकेतील सेंट लुइस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने १९५० साली अशा एका रुग्ण स्त्रीचे सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःला चढवून घेतले. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट कोसळल्या, त्याला आकडीही आली, आणि त्या सावरायला काही दिवस गेले. हे वाचल्यापासून मी सलाईनच्या सुईबद्दल कुरकुर करणे सोडले.

आधी अर्थातच प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉईड झाले. गोळ्या चालू असेपर्यंत आकडा चढायचा, मात्रा कमी केली की घसरायचा, आणि मधल्या काळात माझा चेहरा असा सुजला की वर्गातली मुले दबक्या आवाजात हसू लागली. प्लीहा काढून टाकणे हा जुना मार्ग होता, पण तो मला नको होता.

अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी ज्या बी-पेशींपासून (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) बनतात, त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-२० नावाचे प्रथिन असते. रिटुक्सिमॅब ही स्वतःच एक अँटिबॉडी आहे, काही भाग उंदराचा आणि बराचसा माणसाचा असलेली, आणि ती नेमकी या प्रथिनाला चिकटून बी-पेशी नष्ट करवते. बी-पेशी बेसुमार वाढल्या की एका प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, होतो, म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता त्या कॅन्सरसाठी मिळाली आणि तीच ओळख त्याला चिकटली. वास्तविक औषधाला आजाराचे नाव कळत नाही, सीडी-२० तेवढे कळते. केसांच्या मुळांतील पेशींवर ते नसते, म्हणून माझे केसही जागच्या जागी राहिले.

याचा अर्थ ते साधे औषध आहे असा मुळीच नाही. आधी हिपॅटायटीस बी ची तपासणी करावीच लागते, कारण दबून राहिलेला हा विषाणू या औषधाने उसळू शकतो. लसीही शक्य तर आधीच घ्याव्या लागतात, कारण नंतर कित्येक महिने त्यांचा नीट उपयोग होत नाही. आठवड्याला एक याप्रमाणे मला चार मात्रा मिळाल्या. पहिली अगदी हळू, दिवसभर, आणि तरीही मध्येच थंडी वाजून ताप आलाच. खर्चाचे म्हणाल तर हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये याची देशी आवृत्ती बाजारात आणली, आणि आता इतर कंपन्यांचीही मिळते. नाहीतर आमच्यासारख्यांनी हा विचारही केला नसता.

गुण यायला अनेक आठवडे लागू शकतात. सुमारे साठ टक्के रुग्णांना सुरुवातीला फायदा होतो, पण पाच वर्षांनंतरही तो टिकलेले प्रौढ रुग्ण साधारण पाचात एकच असतात. बी-पेशी काही महिन्यांनी परत येतात, आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या जुन्या, पक्व पेशींवर तर सीडी-२० नसतेच. हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सहाव्या आठवड्यात माझ्या प्लेटलेट लाखावर गेल्या. गेल्या महिन्यात ७४ हजार होत्या. ३० हजारांच्या वर असतील आणि रक्तस्राव नसेल तर सहसा उपचार करत नाहीत, म्हणून सध्या दर महिन्याला रक्त तपासायचे आणि शाळेत जायचे, एवढेच चालू आहे.