24 इंची प्रिंटर, नोंद तिसरी: खापर हेडवर, चूक कॅपची

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की प्रिंटरचं हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, गेलंय. शब्द मागे घेतो. हेड ठणठणीत आहे. दोन आठवडे मी भलत्याच जागी डोकं आपटत बसलो आणि त्या नादात महागाची शाई टाकीत ओतली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून घेतलेला जुना 24 इंची प्रिंटर. आठ रंग, पाण्यात कालवलेली पिगमेंट (रंगाची बारीक पूड) शाई, पिझो हेड (विजेने हलणाऱ्या स्फटिकाने शाई उडवणारं). हेडवर प्रत्येक रंगाच्या 180 नोझलची एक रांग, म्हणजे एकूण 1440 छिद्रं. थर्मल हेड (उष्णतेने शाई उडवणारं) असतं तर जुनं काढून नवं बसवलं असतं, ते झिजणारंच असतं. पिझो हेड मशीनच्या आयुष्यभरासाठी असतं, आणि नवं घ्यायचं तर मी अख्ख्या मशीनला मोजले त्याहून जास्त पैसे पडतात. म्हणून घाबरलो होतो.

7 जून. नोझल चेकमध्ये (प्रत्येक छिद्राची रेघ काढणारी चाचणी प्रिंट) सायन अर्धा, पिवळा जवळजवळ गायब, बाकीच्यांत दातपडक्या रेघा. साधं क्लीनिंग दोनदा, मग पॉवर क्लीनिंग (जास्त शाई ओढणारं जोरदार क्लीनिंग) तीनदा. मेंटेनन्स टँकची, म्हणजे वाया जाणाऱ्या शाईच्या टाकीची, उरलेली जागा 60 टक्क्यांवरून 20 वर आली. खरी खूण इथेच होती, ती माझ्या लक्षात आली नाही: दर वेळी गॅप वेगळ्या जागी. छिद्र खरंच चोंदलेलं असेल तर रेघ रोज त्याच ठिकाणी तुटते. आज इथे, उद्या तिथे असं होत असेल तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा शाई खेचलीच जात नाहीये. हे मला माहीत होतं. तरी पॉवर क्लीनिंगचं बटण दाबत राहिलो, कारण बटण दाबणं सोपं असतं.

8 जून. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्सचं दुकान आहे. तिथला पोरगा मशीनवर दिवस काढतो, म्हणून विचारलं. "काका, जरा सॉल्व्हंट मारा की हेडवर, झटक्यात सुटतंय बघा." त्याच्या मशीनसाठी बरोबरच आहे, त्याची शाईच सॉल्व्हंटची. पाण्याच्या शाईच्या हेडला तेच लावलं तर आतली चिकटवणूक सुटू शकते, शाईचाही चोथा होतो. त्याचा चहा प्यालो आणि परत आलो. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलसुद्धा हेडपासून लांब ठेवतो. डिस्टिल्ड वॉटर आणि पाण्याच्या शाईसाठी मिळणारं क्लीनिंग लिक्विड, एवढंच. नळाचं पाणी नाही, त्यातले क्षार छिद्रातच बसतात.

14 जून. शेवटी शहाणपण सुचलं आणि कॅप तपासली, म्हणजे हेडवर घट्ट बसणारं झाकण, ज्यातून पंप शाई ओढतो. मशीन सुरू केलं, कॅरेज (हेड घेऊन डावी-उजवीकडे धावणारा भाग) मधोमध आलं की प्लग काढला, म्हणजे ते हाताने सरकतं. उजव्या कोपऱ्यात कॅपिंग स्टेशन उघडं पडलं. कॅपमधला स्पंज काळा ठिक्कर, काठाच्या रबरावर वाळलेल्या शाईचा पापुद्रा.

ड्रॉपरने कॅप डिस्टिल्ड वॉटरने काठोकाठ भरली, कॅरेज जागेवर ढकललं, प्लग लावला. सुरू होताना मशीन पंप चालवतंच. पुन्हा प्लग काढून पाहिलं तर पाणी जसंच्या तसं. म्हणजे दोन आठवडे मी ज्याला क्लीनिंग म्हणत होतो, त्यात पंप घरघरत होता आणि हेडमधून ओढत जवळजवळ काहीच नव्हता. कुकरची रिंग नीट बसली नाही तर वाफ बाहेर जाते आणि शिट्टी होत नाही, तोच प्रकार. मग टाकीत गेलेली शाई कसली? जी थोडीफार ओढली जात होती ती, आणि नोझलमधून मशीन स्वतः उडवतं ती.

कॅपखालच्या नळीला सिरिंज लावून ओढलं. दट्ट्या हलेना. नळी आतून गच्च. कॅपमध्ये क्लीनिंग लिक्विड घालून रात्रभर ठेवलं. सकाळी सिरिंजने हलकेच मागे-पुढे केलं, तर शेवयाएवढ्या जाडीचा काळा गाळ बाहेर आला. सौ. तिथूनच जात होत्या. "अहो, हे बेसिनमध्ये ओतू नका हं." आधीच ओतलं होतं.

काठाचं रबर जुन्या बनियनच्या तुकड्याने नव्हे, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसलं (बनियनचा अनुभव पहिल्या नोंदीत आहे). वायपरचं (हेड पुसणाऱ्या पट्टीचं) रबरही पुसलं, त्यावर शाईचा लेप होता. पिवळ्यात मधूनच हिरवी झाक का येत होती ते तेव्हा कळलं. मळका वायपर एका रंगाची शाई दुसऱ्याच्या छिद्रांवर सारवतो.

हेडच्या तोंडाला मात्र हात लावला नाही. चार पदरी टिश्यूची पट्टी लिक्विडने भिजवून हेडखाली सरकवली आणि चार तास तशीच ठेवली. पट्टी काढली तर तिच्यावर रंगांच्या समांतर रेघा उमटलेल्या. सात रेघा ठसठशीत, पिवळी फिकट.

15 जून. पाण्याची चाचणी पुन्हा. कॅप कोरडी! एक साधं क्लीनिंग, नोझल चेक, आणि सात रंग भरून आले. हलक्या मॅजेंटात फक्त 2 रेघा कमी. मी पेपर हातात घेऊन सगळ्या घरात फिरलो, कोणालाच काही वाटलं नाही.

21 जून. पिवळा. नोझल चेकमध्ये आता पूर्ण येतो, पण मोठी प्रिंट काढली की पहिल्या वीतभर छान आणि पुढे विरत जातो. प्रिंट थांबवून तासाभराने पाहावं तर पुन्हा पूर्ण. हे चोंदणं नव्हे, उपासमार. शाई लागते तितक्या वेगाने हेडपर्यंत पोहोचत नाही. संशय डॅम्परवर. हेडच्या वर प्रत्येक रंगाचा एक छोटा कप्पा असतो. कॅरेज धावताना नळीतल्या शाईला बसणारे हिसके तो सोसतो, आणि त्यात बारीक जाळीही असते. पिवळ्याचा डॅम्पर काढला तर जाळीवर सायीसारखा थर. कार्ट्रिज वर्षभर न हलवता पडून होतं, पिगमेंट तळाशी बसलं आणि मग सगळं एकदम खाली आलं असणार. आता महिन्यातून एकदा सगळी कार्ट्रिजं काढून हळूच आडवी-उभी करतो.

डॅम्पर नवा घातला. ज्यांना हे करायचंय त्यांनी एक गोष्ट सांभाळावी. हेडला जाणाऱ्या पांढऱ्या चपट्या केबलवर शाईचा थेंबही पडता कामा नये. ओल्या केबलने मशीन सुरू केलं तर हेड आणि बोर्ड दोन्ही जातात. मी केबलभोवती टिश्यू गुंडाळला होता आणि तरी अर्धा दिवस सुकू दिलं. हेडच्या तोटीला सिरिंज लावून दाबायचा मोह झाला होता, मेडिकलमधून मऊ नळीही आणून ठेवली होती. गरजच पडली नाही. दाब देऊन हेड आतून फाटल्याचे किस्से इथल्या बऱ्याच जणांकडे आहेत.

22 जून. संध्याकाळी 24 बाय 36 ची पहिली पूर्ण प्रिंट चालू होती, रंकाळ्यावरचं पावसाळी आभाळ. दोन तृतीयांश झाली आणि लाईट गेली. हेड डावीकडे, कॅपपासून हातभर लांब, उघडं. माझ्या मते या मशीनची पहिली वाट अशीच लागली असेल: लाईट गेली, शटर ओढलं, सगळे घरी गेले. बटणाने बंद केलं तर हेड कॅपवर जाऊन बसतं, थेट वीज गेली तर असेल तिथेच वाळतं. मोबाईलच्या उजेडात कॅरेज हलक्या हाताने उजवीकडे आणलं. कॅप नीट वर चढली की नाही ते दिसेना, म्हणून पुन्हा बाजूला घेऊन ओला टिश्यू खाली ठेवला. पावणेदोन तासांनी लाईट आली. नोझल चेकमध्ये काहीच गळलं नव्हतं. पावसाळ्याची दमट हवा कामी आली, एप्रिलमध्ये एवढं सुटलं नसतं. याच हवेत कागद मात्र कडेला वळतो आणि हेडला घासतो, म्हणून रोल आता प्लॅस्टिकच्या पिशवीत.

28 जून. यूपीएस आला. अख्खी प्रिंट निघेल एवढा नाही, पण जॉब रद्द करून हेड जागेवर न्यायला पुरतो. तीच फाइल पुन्हा काढली. आभाळाच्या करड्या भागात नाक लावून पाहिलं तर हलक्या मॅजेंटाच्या त्या 2 रेघांची बारीक पट्टी दिसते. दोन हातांवरून दिसत नाही. त्यासाठी पॉवर क्लीनिंग करणार नाही, टँकमध्ये 11 टक्केच जागा उरलीय. कॅपच्या रबराला मागच्या कोपऱ्यात नखाएवढी चीर आहे, ती आज टॉर्चने दिसली. नवी कॅप मागवली आहे.