वाई ते मेणवली, कृष्णेच्या काठाने

आज आम्ही चौदा जण साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने वाईला उतरलो. ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि नदीच्या काठाकाठाने मेणवलीकडे निघालो. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण उसाच्या बांधांवरून थांबत थांबत दीड तास लागला. शेजारच्या काकू तर अनवाणीच होत्या. "कृष्णामाईच्या काठाला चप्पल कशाला गं?" म्हणाल्या.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे चंद्रकोरीसारखा घाट. पण माझे पाय खिळले ते घंटेपाशी. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा. जवळ जाऊन पाहिलं तर धातूत उमटलेली, बाळाला घेतलेली मेरी आणि खाली १७०७ हे साल. तळहात टेकवला. गारेगार! समुद्राकाठची घंटा आमच्या नदीवर, मेणेश्वराच्या शेजारी. अंगावर काटाच आला.

पायऱ्यांत अडकलेलं प्लास्टिक पाहून मात्र जीव तुटला. दोन पिशव्या भरून वर आणल्या. मग भाकरी, खर्डा, आणि पाण्यात पाय सोडून बसलो ते कुणाला उठवेचना.